सुकराम – एक

सुकरामभाऊंनी कधी कुणाला नाच करून दाखवला नाही. जिला बगळा व्हायचं असेल तिला ते शाळेमागच्या बोडीवर, म्हणजे तिथल्या लहानशा तळ्यावर, पाठवत. तासभर बगळा पाहायचा आणि परत यायचं. "पायलं काय? पायलं त करून दाखव." जमलं नाही की पुन्हा बोडी. "मले काहून पाहून राहिली, पोट्टे? मी का बगळा हाव?"

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी चिखल्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत रुजू झाले. याद्या करायची सवय, म्हणून स्नेहसंमेलनाचं काम माझ्याकडे आलं. भाऊ शाळेचे कुणी नव्हते. तरुणपणी दंडारीच्या लोकनाट्यात नाचलेले, आता मँगनीजचा दगड दळून भुकटी करणाऱ्या एका खाजगी गिरणीत कामाला. सुटी झाली की हातपाय धुऊन ते शाळेच्या व्हरांड्यात येत आणि ढोलकी मांडीवर घेत. कानांच्या पाळ्यांवर काळी भुकटी तशीच राहिलेली असे.

दरवर्षी ते 'बोडीतली मंडळी' बसवत. छत्री घेतलेला बगळागुरुजी, शिट्टी फुंकणारा खेकडा हवालदार, स्वतःचेच काटे टोचतात म्हणून रुसलेली शिंगाडाबाई आणि गाणं विसरणारे चार बेडूक. गाणी भाऊंचीच. माझ्या वहीत असे: बगळा – एक, छत्री – एक, बेडूक – चार, हिरवी पोती – चार. भाऊ वहीकडे पाहून एक भुवई नुसती वर करत, की मुलं हसून लोळत. "बाई, तुमी त देवाले बी विचारान, हात किती जी तुमचे?"

पाचव्या वर्षी ती भुवई वर जाईनाशी झाली. भाऊंचा चेहराच हलत नव्हता. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल. एकदा खेकड्याला बगळ्यासमोरून मागे हटणं जमेना, तेव्हा भाऊंनी आपला नियम मोडला आणि स्वतः उठले. दोन पावलं मागे टाकली आणि लाकडाचा ओंडका पडावा तसे आडवे झाले. हातसुद्धा टेकवले नाहीत. मुलांना ती गंमतच वाटली. "घसरलो जी," भाऊ म्हणाले. मी वहीत लिहिलं, 'तालमीआधी व्हरांडा झाडून घेणे.' व्हरांडा स्वच्छ होता.

त्यानंतर ते चवड्यांवर चालू लागले. कोपर दुमडलेले, टाच जमिनीला लागत नसे. मुलं निरखून पाहायची. फुला नावाची तिसरीतली मुलगी सगळ्यात जास्त. एका संध्याकाळी ती व्हरांडाभर अगदी तशी चालली. टाळ्या पडल्या. मीही खूश होऊन यादीत भर घातली: कोंबडा – एक, लाल तुरा – एक.

"भाऊ, नवीन पात्र बसवलंत आणि मला सांगितलंही नाही?"

भाऊंना न्यायला त्यांची बायको सरजाबाई आली होती. ती खांबापाशीच थांबली. "पात्र कायचं जी, बाई? हे आता असेच चालतेत. गिरणीतले बाकीचे बी."

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मग मी ती ओळ खोडायला घेतली आणि फुलाला खाली बसायला सांगितलं. ती रडायला लागली. "भाऊच त सांगतेत ना, पाहून करा मनून!"

भाऊंचा आवाज तोवर बारीक आणि सावकाश झाला होता. "खोडू नोका," ते म्हणाले. "तुमी पायलं नाही, म्या बी पायलं नाही. पोट्टीनं पायलं."

"गाव हासन तुमाले," सरजाबाई म्हणाली.

"हासू दे. आधी हासन."

"मग कोंबडाच राहू देऊ?" मी विचारलं.

"कोंबडा कायले? जे पाहून केलं, त्याचं नाव लिवा."

मी लिहिलं: सुकराम – एक. तुरा खोडला.

संमेलनाला मैदान भरलं होतं. बेडूक गाणं विसरले, शिंगाडाबाई रुसली, आणि मग फुला आली. चवड्यांवर, कोपर दुमडून, तोंड दगडासारखं ठेवून. लोक पोट धरून हसले. मग बायकांच्या बाजूने एक रांग गप्प झाली, तिच्यामागची झाली. शेवटी नुसती ढोलकी ऐकू येत होती. भाऊंची बोटं ठेक्याच्या मागे पडत होती, पण फुला पडद्याआड जाईपर्यंत त्यांनी ती थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बायका शाळेच्या दाराशी उभ्या होत्या. "बाई, आमच्या घरचे बी तसेच चालतेत. ह्यायचं बी नाव लिवा तुमच्या वहीत."

मी लिहिलं. ती यादी घेऊन नागपूरला एका डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, भुकटी श्वासातून जाऊन डोक्यात बसली आहे, गेलेलं परत येणार नाही. जे अजून ताठ चालतात त्यांना तिथून काढा. काहींनी काम सोडलं. सगळ्यांना सोडणं जमलं नाही. आमच्या भागात दुसरं काम कुठे होतं?

पुढच्या हिवाळ्यात भाऊ खाटेला लागले. मी आणि फुला भेटायला गेलो. त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. मी बोलत राहिले, शाळेचं, यंदाच्या बेडकांचं. फुला बोडीवर बसायची तशी समोर बसून टक लावून पाहत होती.

"फुला, असं पाहू नये," मी हळूच म्हटलं.

"बाई, भाऊ हासून राहिले."

"कुठे?"

"डोयाच्या कोपऱ्यात पाहा ना."

मी वाकून पाहिलं. कितीतरी वेळाने डाव्या डोळ्याचा कोपरा किंचित हलला. सरजाबाईने हातातला पेला खाली ठेवला आणि तीही जवळ येऊन पाहू लागली.

पंधरा दिवसांत भाऊ गेले. 'बोडीतली मंडळी' पुढे बदली होईपर्यंत मी बसवली. मुलांना बोडीवर पाठवायची, आणि वही शाळेत ठेवून तासभर त्यांच्याबरोबर काठावर बसायची.