मेव्हणीकडे राहिलेला डबा
बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मेव्हणीचं उघडं पडलेलं घर आठवतं. वादळानं पत्रे उडवले, पावसाळ्यासाठी साठवलेलं सगळं भिजून कुजलं. आम्ही पनवेलहून डबाभर बोंबील नेले. तिनं ते सुपात ओतले, पण डबा देईना. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. घरातली मडकी चाचपत ती काहीतरी शोधत राहिली. बायको म्हणाली, "सोड गो, आमी काय परके हाव?" "मंग मी काय भिकारीन हाय?" असं ओरडून ती रडायला लागली. बायको म्हणाली, "डबा ठेव. पुढच्या वर्साला भरून आन." मेव्हणी खरंच भरून घेऊन आली. तोवर बायको वारली होती. दारातच मी तो डबा दोन्ही हातांनी घेतला.