आत्याने न दाखवलेली जागा

दुपारची जेवणं झाली आहेत, वीज गेली आहे आणि मी माजघरातल्या गार जमिनीवर आडवी आहे. डोळा लागतोय हे मला कळतंय, म्हणजे तो अजून लागलेला नाही, असा माझा तर्क. कौलांतल्या काचेतून आलेला उन्हाचा तुकडा भिंतीवरून सरकत खुंटीवरच्या साखळीपाशी येतो आणि कोणीतरी ती साखळी काढून घेतं.

"झोपा काढ. बोका कधीचा दारात उभा आहे."

उमाआत्या. तिला जाऊन वर्ष होत आलं. अंगावर तेच फिकं पातळ, पायात बाबांच्या चपला. बोका हा आमचा कुत्रा. मांजरांना धाक बसावा म्हणून हे नाव तिनेच ठेवलं.

मी उंबरा ओलांडते आणि पायाखाली सडा असतो, आमच्या घरामागचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. मागे वळून पाहते तर घर नाही.

याच सड्यावर बोक्याला फिरवताना आम्ही दोघींनी किती जागा शोधल्या. करवंदीच्या जाळीमागची एका माणसापुरती सावली. कातळातली एक कुंडी, जिथल्या बेडकांना आमची पर्वा नसे. आमचा रिवाज एकच होता. जिला जागा सापडेल तिने ती दाखवायची नाही, दुसरीने आपली आपण शोधायची. गेल्या फाल्गुनात, भर कोरड्या दिवसांत, आत्या ओल्या पायांनी आणि ओला कुत्रा घेऊन घरी आली. नुसती हसली. महिन्याभरात ती गेली. तिची ती जागा तेवढी मला सापडायची राहिली आहे. ती सापडली नाही तर आमचा खेळ अर्धवटच राहणार.

"सांगू?" आत्या विचारते.

"नको."

"भूगर्भशास्त्राची पदवी ना गं तुझी, ऋचे? कुठे कुठे पाहिलंस?"

"व्हाळात. अख्खा ओढा, वरपासून खालपर्यंत. पाणी उतारानेच जाणार."

"जात असेल. बोका आला होता बरोबर?"

"ओढून नेला."

"शाबास. नाकवाल्याला डोळेवालीने ओढलं."

आम्ही चालतोय ती आता कॉलेजची प्रयोगशाळा आहे. टेबलांवर दगडांचे नमुने मांडलेत. सरांच्या खुर्चीत आत्या बसली आहे, बशीतून चहा भुरकते आहे. बोका टेबलांमधून पुढे जातो. साखळी त्याच्यामागे खडखडत जाते, तिचं दुसरं टोक कोणाच्याच हातात नाही.

शेवटच्या टेबलापाशी तो थांबतो. टेबलाची फळी जांभ्याची आहे, भोकाभोकांची. तिच्याखालच्या खणात पांढरी चिकट माती भरली आहे. शेडी. हे तर मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं! पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, खालच्या शेडीवर अडतं आणि जिथे दोन्हींमधला सांधा उघडा पडतो तिथून बाहेर येतं. गुणही चांगले मिळाले. आणि महिनोन्‌महिने मी भटकत होते व्हाळात, त्या सांध्याच्या कितीतरी खाली.

"वर," मी म्हणते. "सड्याच्या कडेला. जांभा संपतो तिथे."

आत्याची बशी ओठांशी थांबते.

"कड केवढी लांब आहे," ती म्हणते. "त्यात नेमकं कुठे?"

"ते तुला नाही विचारणार." मी बोक्याकडे बघते. "चल रे, तूच ने."

तो कडेवरून उतरतो आणि मी त्याच्यामागे. नेच्यांमधून अंग काढत आम्ही एका कपारीत पोचतो. बोका उकरायला लागतो. मीही गुडघे टेकते, बोटांनी उकरते. पांढरी माती सुटून येते आणि तिच्यामागून पाणी. बारीक धार, गार.

आत्या वरच उभी आहे. "सापडली?"

"सापडली."

"अशी नाही मानणार. काय काय आहे ते सांग."

"नेचे आहेत. एक दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला. समोर नुसती दरी. इथे कसलाच आवाज नाही."

"आहे. ऐक."

मी श्वास रोखते. कपारीच्या आत, खूप आत, थेंब पडतोय.

"झाली तुझी," आत्या म्हणते. तिच्या आवाजात हरल्याचा आनंद आहे. "आणि हे बघ, मला पुढची एक सापडली आहे."

"सांगू नकोस."

"सांगतेय कोण?"

आम्ही दोघी हसतो. हसता हसता वर पंखा फिरायला लागतो. वीज आली आहे.

मी उठून बसते. आमच्या अंगणातली, परसातली, सगळ्या वाडीतली माती लाल आहे. माझ्या उजव्या हाताच्या नखांत पांढरी आहे, ओली. अंगठ्याने चोळून बघते. कण लागत नाही, लोण्यासारखी सरकते. शेडीच.

कारण मागाहून शोधता येईल. हात न धुता मी दार उघडते. बोका माझ्या पायांतून बाहेर पडतो आणि धावत सुटतो, व्हाळाकडे नाही, सड्याच्या कडेकडे.