काचवाल्याची धडधड

गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापून बसवून देणारं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्याला सगळे काचवालाच म्हणतात. माणूस अंगाने किरकोळ, पण हात स्थिर. माणसाहून उंच काच टेबलावर आडवी पाडून तो रेघ ओढायचा, तेव्हा श्वास अडकायचा तो बघणाऱ्याचा, त्याचा नाही.

मग एकदा गिऱ्हाइकाच्या घरी मोठा आरसा बसवताना तो त्याच्या हातातच तडकला. कुणाला साधा ओरखडाही आला नाही. "जिवावरचं आरशावर निभावलं," असं म्हणून सगळे हसले. तोही हसला. पण तो आवाज काही कानातून जाईना. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, दुकानात नुसता बसलेला असताना त्याची छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली. संपलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा झटका होता," त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या, समुपदेशकाचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "व्यायाम सुरू करा. थोडं वजन उचला. मनालाही फायदा होतो."

बाहेर येताच तो बायकोला म्हणाला, "इथे छाती फुटायची वेळ आलीय, आणि म्हणे वजन उचला! आगीतून फुफाट्यात."

त्याने गोळ्या घेतल्या, समुपदेशकाकडेही जायला लागला. व्यायामाचं मात्र नाव काढलं नाही. उलट, छाती धडधडेल असं सगळंच तो टाळू लागला. आधी जिना, मग भरभर चालणं, मग जड काच. जेवताना, बोलताना त्याची दोन बोटं हळूच मानेवर जायची, नाडी बघायला.

"मानेला काय झालंय? डास चावला का?" बायकोने विचारलं.

"काही नाही," म्हणत त्याने हात खाली घेतला आणि मिनिटभरात पुन्हा वर नेला.

त्याच्या जोडीला काम करणारा उंच माणूस होता, त्याला सगळे उंट म्हणायचे. तो बिचारा एकटाच काचा ओढायला लागला. वरच्या मजल्यांची कामं परत जाऊ लागली. शेवटी बायकोने नणंदेला फोन केला.

काचवाल्याची ही थोरली बहीण. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेली, पण अख्ख्या जगाला अजूनही वर्ग समजणारी. तिच्या मागच्या खोलीत पलंग नव्हता. होती एक लोखंडी कांब, गोल वजनं आणि एक जाड सतरंजी. तिथे तिने भावाला बोलावून घेतलं.

"धाकट्या, नुसती कांब उचल. वजन नको. पाठ सरळ, जोर पायांतून."

त्याने उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. काही वेळाने छातीत तीच धडधड सुरू झाली. त्याने कांब टाकली आणि थेट अंगणातली पायरी गाठली. बोटं मानेवर. "ताई, रिक्षा बोलव."

ताईने रिक्षा बोलावली नाही. तीही इतका वेळ वजन उचलत होती, घामाने भिजलेली. शेजारी येऊन बसली आणि मनगट त्याच्यापुढे धरलं. "बघ माझी नाडी."

त्याने बघितली. तीही धावतच होती.

"मी मरतेय का?"

"नाही."

"मग तू का मरशील? काम केलं की धडधडतं, बसलं की उतरतं. सोड ती मान आणि थांब."

तो थांबला. फार भीती वाटत होती, पण थांबला. धडधड हळूहळू उतरली. तिला उतरताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दर वेळी त्याआधीच तो गोळी, दवाखाना नाहीतर बायकोला शोधत पळालेला असायचा.

"तुझे भाऊजी गेल्यावर मला भिंती अंगावर आल्यासारख्या व्हायच्या," ताई म्हणाली. "तेव्हा ही कांब आणली. दुःख गेलं नाही, पण झोप लागायला लागली."

त्यानंतर तो रोज ताईकडे जायला लागला. एक दिवस मात्र तिथेच मोठा झटका आला, आणि त्याने जाणं सोडून दिलं. आठवडा गेला. मग बायकोच सकाळी बाहेर पडायला लागली.

"कुठे निघालीस?"

"तुमच्या ताईंकडे. त्या म्हणाल्या, जागा रिकामी आहे तर वाया कशाला घालवायची?"

परत आली ती गाल लाल करून, पोटभर जेवली आणि दुपारी गाढ झोपली. चार दिवसांत तिने काचवाल्याहून जास्त वजन उचललं. हे त्याला झोंबलं. पाचव्या दिवशी तो आधीच चपला घालून दारात उभा.

काही महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका दवाखान्याच्या खिडकीचं काम आलं. काच लिफ्टमध्ये मावेना. उंट वर, काचवाला खाली, असे दोघे जिना चढू लागले. दुसऱ्या वळणावर काचवाल्याची छाती धडधडायला लागली. हात मोकळे नव्हते, नाडी बघायची सोय नव्हती. काच हातातच तडकेल, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं.

"उंटा, थांब."

"निसटतेय का?"

"काच नाही. मीच. छातीत धडधडतंय. जरा टेकवू."

हे त्याने उंटाला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी पायरीवर गोणपाट टाकून काच टेकवली. उंट म्हणाला, "बरं झालं बोललास. मला वाटायचं, माझ्याबरोबर काम करायचा तुला कंटाळा आलाय."

काचवाला भिंतीला टेकून उभा राहिला. पायांत जोर होता, तो त्याला जाणवत होता. भीतीही होती. भीती पुरती जायच्या आतच तो म्हणाला, "चल, उचल."

काच बसली. त्याच्या गोळ्या आता कमी झाल्या आहेत, बंद झालेल्या नाहीत. समुपदेशकाकडे तो जातो. झटके अजून येतात, एखाद्या महिन्यात दोनदासुद्धा. ती काच बसवली त्या संध्याकाळी उंट त्याच्याबरोबर ताईच्या दारापर्यंत आला आणि आत डोकावून म्हणाला, "माझ्या मापाचं काही आहे का इथे?"

ताईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आधी दारातून वाकून आत ये," ती म्हणाली.