तळ्यापर्यंतचा रस्ता कुणी करायचा?

मंडळी, आज सकाळी आमच्या तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांची सभा झाली. विषय एकच, रस्ता. तो खाजगी, त्यामुळे महापालिका हात लावत नाही. डांबर टाकायचं तर वर्गणी आमचीच.

कोथरूडचा फ्लॅट सोडून आम्ही दोघं इथे आलो, ते अगदी शेवटच्या, पाण्याजवळच्या घरात. खड्ड्यांमुळे रिक्षावाले फाटकाशीच उतरवतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आमची ही काठी टेकत घरी येते. खरं सांगतो, खड्ड्यांतल्या पाण्यात ढग दिसले की मला शाळेतल्या कविता आठवतात, म्हणून मी इतके दिवस गप्प होतो. "ढग बघायला मान वर करावी, म्हणजे माझे पाय वाचतील," असं हिने काल सुनावलं, तेव्हा कुठे आज मी विषय काढला.

सगळे समान वर्गणीला तयार झाले. अडले फक्त फाटकाजवळचे आप्पा. "माझं घर पहिलं. मी वीस पावलं रस्ता वापरतो, तेवढ्याचेच पैसे देईन."

शेजारच्या सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "हरकत नाही, आप्पा. मग रोज संध्याकाळी तळ्यावर फिरायला निघता ना, ते विसाव्या पावलाला मागे वळत जा."

सगळे खो खो हसले. आप्पाही हसले, पण जरा उशिराने. मग म्हणाले, "बरं, माझी पूर्ण वर्गणी लिहा. आणि डांबर तळ्याच्या टोकाकडून टाकायला घ्या. वहिनींचं दार आधी होऊ दे."

पहिल्या घरातला माणूस शेवटच्या घरापासून सुरुवात करा म्हणाला, असं तुमच्या सोसायटीत कधी घडलंय का हो?