पेठ वडगावचे पोहे, व्हाया रंकाळा

माझी भाची परवा म्हणाली, "मामा, तुमचा ब्लॉग वाचून लोक हिमालयात जातात. आणि तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रवासावर तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही." बरोबर आहे तिचं. हिमालयावर लिहिणं सोपं असतं, तिथे आपलं लग्न ठरत नसतं. तर हा सातारा, कोल्हापूर, हुपरी आणि पेठ वडगाव असा गुरुवार ते सोमवारचा प्रवास. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी पंचविशी ओलांडलेला, नोकरी सरकारी, बूट नवे, आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता.

निघण्याचं कारण म्हणजे रविवारी पेठ वडगावला माझ्यासाठी मुलगी बघायची होती. माझे इचलकरंजीचे मामा परस्पर तिथे येणार होते. मला पुरुष आवडतात हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं, पण ते घरी बोलायचं कुठल्या तोंडाने? स्थळ आलं तेव्हापासून झोप उडाली, अन्न गोड लागेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं, तर ते म्हणाले, "लग्न कर, सगळं जागच्या जागी येईल." कॉलेजातला माझा मित्र दिनकर कोल्हापुरात शाळामास्तर होता आणि माझ्यासारखाच होता. त्याने निरोप धाडला, इथे मनाचे एक चांगले डॉक्टर आहेत, दोन-तीन दिवस आधी ये. मी ठरवलं, डॉक्टरांनी बरं केलं तर रविवारी हो म्हणायचं, आणि नाही केलं तरी हो म्हणायचं. तिसरा रस्ता मला दिसतच नव्हता.

गुरुवारी सकाळची एसटी धरली. तेव्हाचा हायवे म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मातीत उतरायचं. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, ती आता शोधून सापडायची नाहीत. तिकीट किती होतं ते विचारू नका, आठवत नाही. कराडला गाडी चहासाठी थांबते, पण तिथे पोटभर खाऊ नका, कोल्हापूरसाठी जागा ठेवा. माझ्या शेजारी एक फेटेवाले आजोबा आणि त्यांची कारभारीण बसली होती.

"कुणीकडं निघालाय पावणं?" आजोबांनी विचारलं.

"पेठ वडगावला जायचंय. मुलगी बघायला."

"मग त्वांड असं का? फाशीला निघाल्यागत?"

"गप बसा की वो," आजी त्यांच्यावर खेकसल्या. "तुमी मला बघाय आलतासा तवा तर थरथर कापत हुतासा. बशीतला चहा सांडला सगळा."

सगळी गाडी हसली. मीसुद्धा हसलो, आणि हसल्याचं माझं मलाच नवल वाटलं.

दिनकर स्टँडवर उभा होता. खोलीवर नेण्याआधी त्याने मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. कोल्हापूरला जाणाऱ्यांनी हे चुकवू नये. म्हशी ओळीने बांधलेल्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ, कोमट दूध तसंच पेल्यात तुमच्या हातात देतो. उकळलेलं दूध मागितलंत तर कट्टा तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. मी कसाबसा अर्धा पेला संपवला, तोच मागून आवाज आला, "ह्योच व्हय सातारकर? लई वाळलाय की. आणि एक पेला द्या हेला."

हे उस्मानभाई. धिप्पाड, पिळदार मिशा, हुपरीला घरीच पैंजणांचा कारखाना. माल घेऊन आठवड्यातून दोनदा गुजरीतल्या सराफांकडे यायचे आणि मुक्कामाला दिनकरच्या खोलीवर असायचे. शिवाजी पेठेतली ती खोली, दोघांच्या चपला दारात शेजारी शेजारी. गल्ली म्हणायची, मास्तरांची आणि उस्मानभाईंची लई दोस्ती. गल्लीला यापेक्षा जास्त काही कळलं होतं का, ते गल्लीच जाणे. घरमालकीणबाई मात्र दोघांसाठी एकाच पातेल्यात आमटी पाठवायच्या.

शुक्रवारी पहाटे मला हलवून उठवलं. कशासाठी, तर तालमीला. मी घाबरलो, कारण माझ्या अंगात कुस्ती कधीच नव्हती. पण ही तालीम निराळी निघाली. कोल्हापुरात प्रत्येक गल्लीला तालीम असते, म्हणून या मंडळींनीही आपल्या टोळक्याला तालीम म्हणायला सुरुवात केली होती. सात-आठ जण, सगळे आपल्यातले. एक शिंपी, एक वकिलांकडचा कारकून, एक गुळाचा अडत्या, असे. उस्मानभाई वस्ताद. व्यायाम एकच, रंकाळ्याची फेरी. तिचा नियमही एकच. ज्याचं मन जड झालंय त्याने बोलायचं, आणि जोडीदाराने तलावाकाठचा जुना संध्यामठ येईपर्यंत फक्त "व्हय" म्हणायचं. सल्ला नाही, उपदेश नाही, "अरे पण" नाही. संध्यामठ मागे पडला की मग काय शिव्या घालायच्या त्या घालाव्यात.

माझा जोडीदार वस्ताद. पहिला अर्धा तलाव मी पाण्यात म्हशी किती आहेत तेच बोलत होतो.

"व्हय," उस्मानभाई म्हणायचे.

"इथे वारा छान आहे."

"व्हय."

मग काय झालं कोण जाणे. मी सगळंच बोललो. कॉलेजातलं, घरातलं, रात्री छतावर डोळे लावून काय काय विचार येतात तेही. मरून जावंसं वाटतं, हेही त्या माणसाला सांगितलं, ज्याला मी आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटलो होतो. प्रत्येक वाक्याला तो भारदस्त आवाज "व्हय" म्हणत गेला. मी रडत होतो आणि शेजारून धावणारे पैलवान आमच्याकडे वळूनही बघत नव्हते. संध्यामठ आला तेव्हा मी तोंड धुतलं आणि विचारलं, हा नियम कुणी काढला?

"आमच्यातला एक गेला," उस्मानभाई म्हणाले. "चांगलं गाणारं पोरगं हुतं. त्येला सल्ला द्याय सगळं गाव हुतं. व्हय म्हणाय कोण न्हवतं." थोडं चालून म्हणाले, "आता शिव्या घालू का? का मिसळ खाऊया?"

मिसळ खाल्ली. झणझणीत होती, कट आणखी मागितला तर वेगळे पैसे लागत नव्हते. मी दोन पाव खाल्ले, दिनकरने बाजूला बसून मोजले असावेत, कारण तो एकदम खुशीत आला.

दुपारी डॉक्टर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. चष्मा कपाळावर, टेबलावर गुडदाणीची वाटी. मी सगळं एका दमात सांगितलं, सकाळी सराव झालाच होता. ते म्हणाले, "झोप येत नाही हा आजार आहे. जेवण जात नाही, जीव नकोसा होतो, हाही आजार आहे. त्याला औषध आहे, देतो. पुरुष आवडतात त्याला औषध नाही."

मी विचारलं, "म्हणजे बरं होणारच नाही?"

"बरं काय करायचं? तो आजार नाही. आता परदेशातले मनाचे डॉक्टरही तेच म्हणायला लागलेत."

"मग लग्न? आमचे डॉक्टर म्हणाले..."

"लग्न औषध म्हणून लिहून देणारे आहेत की. मला एवढंच सांगा, ते औषध ज्या पोरीला पाजणार, तिला काय झालंय?"

इतके दिवस मी फक्त माझाच विचार करत होतो, त्या मुलीला तर चेहराही नव्हता. निघताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या वेळेवर घ्या. दर महिन्याला दाखवायला या. आणि आलात की उस्मानची फेरी चुकवू नका, तिचं मी बिल लावत नाही."

शनिवारी हुपरी. कोल्हापूरहून एसटी आहे, वाटेत ऊसच ऊस. गावात शिरलं की घराघरातून ठोकल्याचा बारीक आवाज येतो. ओसरीवर, माजघरात, जिथे जागा असेल तिथे माणसं चांदी घेऊन बसलेली. उस्मानभाईंच्या अम्मीने माझ्यासमोर घुंगरांचं ताट सरकवलं आणि पैंजणात कसे अडकवायचे ते दाखवलं. आमच्या घरात रिकामा बसलेला माणूस मला चालत न्हाय, म्हणाल्या. मी तासाभरात जे केलं ते त्यांना पुन्हा सोडवावं लागलं, पण त्या रागावल्या नाहीत. जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा. आधी पांढरा घ्या, जीभ शाबूत असताना.

"उद्याच्याला पोरगी बघाय चाललास म्हनं," अम्मी वाढता वाढता म्हणाल्या.

मी मान हलवली. उस्मानभाई ताटात बघत होते.

"आमच्या उस्मानचं बी ठरलंतं. हेनं लग्नाच्या आदल्या महिन्यात मोडलं. मी लई रडले, लई बोलले हेला." त्यांनी माझ्या वाटीत आणखी रस्सा ओतला. "माणसं चार दिस बोलत्यात बाबा. पाचव्या दिशी दुसऱ्याच्या घरात भांडण हुतंय."

रविवारी अख्खी तालीम माझ्याबरोबर यायला निघाली होती. वस्तादांनी दटावलं, वऱ्हाड न्यायचं न्हाय. मग एकटा दिनकर आला. पेठ वडगाव कोल्हापूरपासून फार लांब नाही, पण मला तो रस्ता मैलोन् मैल वाटला. एसटीत मी घोकत होतो, पसंत नाही म्हणायचं आणि सुटायचं. पत्रिकेचं कारण सांगू का, शिक्षणाचं सांगू? दिनकर प्रत्येक कारणाला "व्हय" म्हणत होता. शेवटी मला त्याचा राग आला.

घर नीटनेटकं, दाराला ताजं तोरण, मामा आधीच येऊन बसलेले. पोहे आले, वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबू. ते घेऊन येणारी सुमन डी.एड. करत होती. तिने ट्रे ठेवताना सरळ माझ्याकडे बघितलं, आणि पत्रिकेचं कारण मी सोडून दिलं. मी तिच्या वडिलांना म्हटलं, दोन मिनिटं तिच्याशी बोलू का? मामांचा चमचा थांबला. पण तिचे वडील भला माणूस, म्हणाले, परसात जावा, धाकटी सोबत येईल. धाकटी लांब पेरूच्या झाडाखाली थांबली.

"मी लग्नाचा माणूस नाही," मी म्हणालो. "मला बायकांची ओढ नाही. तुमच्यात काही कमी नाही. हो म्हटलं तर तुमची फसवणूक होईल."

सुमनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग पोहे खायाला कशाला आलासा?"

तिने ताज्या सारवलेल्या अंगणाकडे बोट केलं.

"तीन दिवस सारवण चाललंय आमच्यात. आता तुम्ही न्हाई म्हणून साताऱ्याला जाणार. आणि गाव म्हणणार, पोरीतच काय तरी खोट असंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, मग मी काय करू, तुम्हीच सांगा. तिने पेरूच्या झाडाकडे बघत थोडा विचार केला. रागावली होती, पण त्या रागात माझ्याबद्दल किळस नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"तुम्ही काय बोलू नका. न्हाई मी म्हणते."

ती तडक आत गेली आणि भरल्या बैठकीत म्हणाली, "बाबा, मला न्हाई पसंत. लई बारीक हाईत."

मामांना ठसका लागला. पेठ वडगावात मुलीने मुलगा नाकारल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. सुमनच्या वडिलांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसू दाबून म्हणाले, "पोरीच्या मनाविरुद्ध न्हाई करत आम्ही. पोहे तेवढं संपवून जावा." मी शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले. इतके चविष्ट पोहे मी त्यानंतर खाल्लेले नाहीत.

सोमवारी साताऱ्याला पोचलो तर मामांनी धाडलेली बातमी माझ्याआधी पोचली होती. वडील येरझाऱ्या घालत होते. "त्या पोरीची हिंमत बघा! जाऊ दे. पुढच्या रविवारी फलटणचं स्थळ आहे."

सुमनने मला एका रविवारातून सोडवलं होतं. फलटणची मुलगी माझ्यासाठी तेच कशाला करेल? मी म्हणालो, "बाबा, फलटणला नको. कुठेच नको. मी लग्न करणार नाही," आणि का ते सांगितलं. शब्द रंकाळ्यावर एकदा बोलून झाले होते म्हणून तोंडातून निघाले. वडील चप्पल घालून बाहेर गेले. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलायला लागले तेव्हाही त्या विषयावर कधीच नाही. हे दुखलं, अजून दुखतं. पण गोळ्या लागू पडल्या, झोप परत आली, आणि दर महिन्याला कोल्हापूरला जायचं हक्काचं निमित्त मिळालं. तुम्ही गेलात तर देवळं बघा, रस्सा खा. आणि आपलं माणूस कुणी खचलेलं असेल तर त्याला बरोबर न्या, रंकाळ्याला एक फेरी घाला आणि तुम्ही कमी बोला.

त्या सोमवारी संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ओसरीवरचं सगळं तिने ऐकलं होतं. मी ताट घेऊन बसलो तरी तिने वर बघितलं नाही.

"मुलगी कशी होती रे?" तिने विचारलं.

"चांगली होती, आई. हुशार होती. म्हणूनच तिला फसवता आलं नाही."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "म्हणजे तुला बरा वाढवला म्हणायचा मी." आणि तव्यावरची भाकरी तिने माझ्या ताटात टाकली.