तांब्यावरचं गाव

आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव कोरून घेतल्याशिवाय आमच्याकडे ते भांडं दिल्यासारखं वाटतच नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा भावाचा फोन आला. मामाचा तांब्या त्याच्याकडून. पण तो लग्नाच्या दिवशीच पोचणार. "ताई, तूच नाशकात घे आणि नाव टाकून ठेव," असं अगदी सोपं काम सांगितल्यासारखं म्हणाला.

भांडी बाजारात जाताना माझा पितळी तांब्याही पिशवीत घेतला, कारण तसाच हवा होता. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेला. त्यावर त्यांचं नाव आणि खाली 'औरंगाबाद'. नवी नवरी असताना घरची आठवण अनावर झाली, की मी तो उगाच घासायला घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, भांडं आहे ते, देव नाही." पण तेवढ्या अक्षरांत आमची गल्ली होती, दारातला हौद होता, मला बसमध्ये बसवून खिडकीखाली ताटकळणारे वडील होते. आता वडील नाहीत, घर विकून भाऊ तिथेच दुसरीकडे राहायला गेला, आणि गावाचं नावही बदललं. नव्या नावाशी माझं भांडण नाही. जीभ तेवढी वळत नाही.

नाव कोरणाऱ्या काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ताई, गाव कोणतं टाकू? जुनं का नवं?"

मी तिथूनच भावाला फोन लावला. "बाबांनी काय घातलं असतं रे?"

तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार. पण तुझ्या लेकीला उद्या मामाकडे यायचं झालं, तर बसवर ती कोणतं नाव वाचेल?"

त्याच्यावर चिडावंसं वाटलं, पण जमलं नाही. लेकीला तिचं आजोळ सापडायला हवं. माझं माहेर तर आता मलाही सापडत नाही.

"छत्रपती संभाजीनगर टाका," मी म्हटलं. काकांचं यंत्र घरघरायला लागलं. अक्षरं सुरेख आली, हे कबूल करायला हवं.

नवा तांब्या कागदात गुंडाळताना त्यांनी माझा उचलून पाहिला. इतक्या वर्षांच्या घासण्याने वडिलांचं नाव पुसट झालं होतं. गाव तर उजेडाकडे धरल्याशिवाय वाचताच येत नव्हतं.

"हाही कोरून देऊ? यावर काय टाकू?"

"आहे तेच," मी म्हटलं. "जरा खोल कोरा."