मंजुषाचा जर्मनचा डबा

मंजुषा दाबके माझी मैत्रीण आहे हे मी आता चारचौघांत मिरवते, पण दीड वर्षापूर्वी कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. मोडलेल्या मनगटात धातूची पट्टी बसवून जेमतेम दोन महिने झालेत, वय एकोणसत्तर, आणि ही बाई रॉकफर्डजवळच्या कुठल्याशा शेतातून उंदरांनी संसार थाटलेला पत्र्याचा डबा विकत घेऊन येते. अशा बाईची ओळख सांगायला धीर लागतो.

डबा म्हणजे कॅम्पर. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायची एक छोटी खोली. आत झोपायला जागा, शेगडी, सिंक आणि दोन खिडक्या. हा १९६८ सालचा, बाहेरून सगळा अ‍ॅल्युमिनियमचा. आमच्या लहानपणी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणायचे, म्हणून मी त्याला जर्मनचा डबा म्हणायला लागले. मंजुषाला ते नाव मुळीच आवडलं नाही, म्हणून मी ते सोडलं नाही.

मी वसुधा. शॉमबर्गमध्ये राहून त्रेचाळीस वर्षं झाली. हयातभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली, त्यामुळे माणसं स्वस्थ पडलेली मला बरी वाटतात. मंजुषा स्वस्थ पडत नाही. त्या जानेवारीत मात्र पडली होती, ती स्वतःच्या घरासमोरच्या बर्फावर. डावं मनगट मोडलं आणि पोस्टमन येईपर्यंत वीस मिनिटं तशीच पडून राहिली. तिच्या नवऱ्याला, प्रसन्नला, जाऊन तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा अनय प्लेनोहून विमानाने आला. आठवडाभर राहिला, खिचडी केली, डॉक्टरांशी बोलला आणि जाताना म्हणाला, घर विकू या, तू आमच्याकडे ये. त्याच्या मोठ्या घरात तळमजल्यावर एक खोली तयारच होती. अनय वाईट मुलगा नाही. वाईट असता तर भांडण सोपं गेलं असतं.

मंजुषाने दोन महिने काहीच उत्तर दिलं नाही. मग हा डबा आणला. त्यावरून अनयचा तिला आलेला फोन माझ्याच स्वयंपाकघरात झाला, स्पीकरवर, म्हणून मी साक्षीदार आहे.

"आई, बी प्रॅक्टिकल," अनय म्हणाला. "तुला बरणीचं झाकण ओपन होत नाही आणि तू ट्रकवर खोली बसवणार? हू इज गोइंग टू ड्राइव्ह?"

"मी. झाकण उघडत नाही म्हणून गाडी चालवता येत नाही असं कोणी सांगितलं तुला?"

"ओके, फाइन. पुढच्या मे महिन्यात सियाचं ग्रॅज्युएशन आहे. तू हा कॅम्पर स्वतः ड्राइव्ह करत प्लेनोला आण. वन पीसमध्ये. मग मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर घर विकायला लिस्ट करायचं. डील?"

"डील," मंजुषा म्हणाली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्याकडे जुने कपडे आहेत का?"

आता तिच्याबद्दल एक सांगायला हवं. मंजुषाने सव्वीस वर्षं एका पत्र्याच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. पत्रे जोडणारा कुठला रिवेट कुठे, किती अंतरावर, किती जाडीचा, हे तिने ठरवायचं आणि खाली शॉपमध्ये दुसऱ्यांनी ठोकायचं. ती खाली गेली की तिला चष्मा देत आणि पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं करत. एकदा तिने रिवेट मारायची बंदूक मागितली तर फोरमन हसला. वाईट हसला नाही म्हणे, प्रेमाने हसला. ते हसू ती विसरली नव्हती. लाखो रिवेट कागदावर काढले, वसू, आणि हाताने एकही मारला नाही, असं ती मला म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा नुसता म्हातारचळ नाही.

एल्जिनला तिने एक शेड भाड्याने घेतलं. उन्हाळाभर डबा सोलण्याचं काम चाललं. आतली कुजलेली लाकडं काढली, उंदरांची घरटी काढली, पत्रे एकेक करून उतरवले आणि मागे खडूने नंबर टाकले. लाकडाचा नवा सांगाडा उभा केला. आतली रचना मात्र तिने स्वतःच्या मापाने केली. ओटा तिच्या पाच फुटी उंचीला साजेसा, कुकर हलू नये म्हणून कठडा असलेला कप्पा, मिसळणाच्या डब्याला नेमक्या मापाचा खण. पलंग मूळचा वर, ट्रकच्या टपावर होता. तिथे चढायला गुडघे तयार नाहीत हे तिने सरळ मान्य केलं आणि पलंग खाली आणला. सगळीकडे धरायला दांडे बसवले. हट्टी बाई आहे, मूर्ख नाही.

ऑक्टोबरात पत्रे परत लावायची वेळ आली आणि मी अडकले. कारण या जातीचा रिवेट एकट्याने मारता येत नाही. बाहेरून एकाने हवेच्या बंदुकीने त्याच्या डोक्यावर ठोके द्यायचे आणि त्याच वेळी आतून दुसऱ्याने त्याच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. शेपटी चपटी होते आणि दोन पत्रे एकमेकांना कायमचे धरून बसतात. मधे पत्र्याची भिंत. बाहेरच्याला आतलं दिसत नाही आणि बंदुकीच्या आवाजात ओरडून ऐकू येत नाही. म्हणून आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करून सांगायचं. एक टक म्हणजे अजून थोडा मार. दोन टक म्हणजे झाला, पक्का. तीन टक म्हणजे बिघडला, काढून टाक.

"बाहेर मी आंधळी असते," मंजुषाने मला पहिल्याच दिवशी बजावलं. "तू दोन टक दिलेस की मी पुढे जाते. परत बघत नाही. समजलं?"

समजलं होतं. पण डिसेंबरात त्या शेडमधली थंडी कोणी समजून घ्यायची? हीटर लावूनही बोटं बधिर व्हायची. समोरच्या डाव्या कोपऱ्यात काम चाललं होतं तेव्हा माझा जीव चहाकडे लागला होता. शेपट्या अर्धवटच चपट्या झाल्या होत्या, एक टक द्यायला हवा होता. मी दोन दिले. किती वेळा दिले ते तेव्हा मोजलं नाही. मंजुषा पुढे गेली. तिने खरोखरच परत बघितलं नाही.

एप्रिलमध्ये मी दुसरा पराक्रम केला. ती मनगट दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. मला वाटलं, आपण डबा धुऊन ठेवू, तिला सरप्राइज. पत्र्यावर तेलकट हात लागले होते. मी बादलीभर कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि उजवी बाजू खसाखसा घासली. जर्मनच्या भांड्याला सोडा लावू नये, काळं पडतं, हे आईने मला दहा वेळा सांगितलं असेल. ते मला आठवलं, पण दाराजवळचा हातभर पत्रा काळाठिक्कर पडल्यावर. घाबरून मी तो आणखी घासला.

मंजुषा आली, तिने बघितलं आणि हातमोजे काढून ठेवले. दोन दिवस माझा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी तोंड पाडून शेडमध्ये गेले तर ती दाराचं रबर बसवत होती.

"पॉलिश करायला तीन आठवडे जातील," ती म्हणाली. "निघायला चार उरलेत आणि ब्रेकलाइट लागत नाहीत. राहू दे तसंच. तीट समज."

बाळाच्या गालावर लावतात तशी तीट. मी हसले आणि मग रडले. डिसेंबरचे दोन टक तेव्हाच सांगून टाकायला हवे होते. पण नुकतीच माफी मिळाली होती, लगेच दुसरी मागायचा धीर झाला नाही. हा माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही.

मे महिन्यात आम्ही निघालो. साडेनऊशे मैल, तीन दिवस. चालवायचं तिने, ही अट होती. मी शेजारी बसून भडंग खायचं आणि मोठे ट्रक शेजारून गेले की डोळे मिटायचे. पहिला मुक्काम मिसुरीत झाला. दाबक्यांच्या डब्यात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि शेजारच्या कॅम्परमधलं म्हातारं जोडपं काय झालं म्हणून बघायला आलं. त्यांनी वरण-भात खाल्ला. मंजुषाने त्यांना प्रत्येक रिवेट दाखवला. प्रसन्न हयात असतानाही मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओक्लाहोमात, मॅकअ‍ॅलेस्टरच्या पुढे, आभाळ फाटलं. लिंबाएवढ्या गारा आणि ट्रक ढकलणारा वारा. मंजुषाने गाडी एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली घेईपर्यंत मागून फडाफडा आवाज यायला लागला होता. उतरून बघितलं. समोरचा डावा कोपरा. पत्र्याची कड उचकटून लोंबत होती आणि सात भोकं रिकामी होती. डिसेंबरात मी दोन टक दिले होते तोच.

मंजुषाने कडेत अडकून राहिलेल्या एका रिवेटची शेपटी बोटाने चाचपली. तिला सगळं कळलं. सव्वीस वर्षं तेच तर बघितलं होतं तिने. पण ती एवढंच म्हणाली, "टेपचं बंडल दे." कोपरा चिकटपट्टीने गुंडाळला आणि आम्ही निघालो. प्लेनोपर्यंत मी भडंगाला हात लावला नाही.

अनय, त्याची बायको कांचन आणि मुलगी सिया घरासमोर उभेच होते. सियाने आजीला मिठी मारली. अनय आईचे हात हातात घेऊन उभा राहिला, मग डब्याभोवती एक चक्कर मारून आला.

"हे ब्लॅक काय झालंय?"

"तीट," मंजुषा म्हणाली.

तो हसला नाही. टेप लावलेल्या कोपऱ्याशी थांबला. "आई, हा तर तुटलाय. वन पीसमध्ये म्हणालो होतो मी. अँड धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ. हायवेवर तू एकटी असतीस तर? त्या दिवशी बर्फात वीस मिनिटं..." त्याचे डोळे भरले होते. तो जिंकायला आला नव्हता, घाबरला होता.

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. "अनय, ते सात रिवेट माझे आहेत," मी म्हणाले. "आत मी होते. पक्के नसताना पक्के झाले म्हणून सांगितलं. थंडी वाजत होती म्हणून. तिचा त्यात काही दोष नाही. नऊशे मैल आणि ते वादळ, बाकीचा एक रिवेट हललेला दाखव मला."

अनयने सगळ्या डब्यावरून हात फिरवला. एकही हलला नव्हता.

मंजुषाने तोवर ट्रकमधून बंदूक आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर काढला होता. वायर त्याच्या गॅरेजमध्ये लावली. आत जाऊन कोपऱ्याची लाकडी फळी उतरवली. मी ठोकळा घ्यायला सरसावले.

"वसू, तू बस," ती म्हणाली. माझ्यावर रागावून नाही, पण बस म्हणाली. मग ठोकळा तिने अनयच्या हातात दिला आणि एक, दोन, तीन टक म्हणजे काय ते सांगितलं. "मला आतलं दिसत नाही. खोटं सांगायचं नाही. वसूमावशीने सांगितलं, बघितलंस ना काय झालं?"

सेहेचाळीस वर्षांचा, कंपनीत डायरेक्टर असलेला माणूस वाकून आत गेला आणि दारात डोकं आपटून घेतलं. पहिल्या रिवेटला ठोकळा निसटला. तीन टक. मंजुषाने तो ड्रिल करून काढला आणि दुसरा लावला. मोडलेलं डावं मनगट तिने कोपर पोटाशी दाबून स्थिर धरलं. ठोके. आतून एक टक. आणखी ठोके. मग दोन. तासाभराचं काम होतं. बंदूक थांबली की आतून त्याचा दमलेला श्वास ऐकू यायचा आणि दर वेळी टक यायला थोडा वेळ लागायचा. तो शेपटी बोटाने तपासून मगच सांगत होता. माझ्यासारखा नव्हता.

सातव्याचे दोन टक आले. मंजुषाने कोपरा हाताने ओढून बघितला. कोपरा तसूभर हलला नाही. तिने कॉम्प्रेसर बंद केला आणि पत्र्याजवळ तोंड नेलं.

"अनय, आणि शॉमबर्गचं घर?"

कांचनने माझा हात धरला. मंजुषा पत्र्यावर तळवा टेकून उभी होती, डोळे मिटून. इतका वेळ गेला की मला वाटलं आता तीन टक येणार, काढून टाक म्हणून.

मग आतून टक झाला, आणि त्याच्यामागोमाग दुसरा. तिसरा आला नाही.